स्थलांतर आणि विस्थापनाचा अभ्यास धोरणाच्या उपयोगी पडायचा, तर मोजणी कुठे, केव्हा आणि कोणाची करावी?

प्रश्न : शिरोळचा अभ्यासक

नमस्कार. मी कोल्हापुरात समाजशास्त्र शिकवतो. स्थलांतर आणि सक्तीचे विस्थापन यांवर जिल्ह्यापुरता एक अभ्यास हाती घेतला आहे. आखणीतच काही पेच पडले असून, ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे अशा मंडळींचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटते.

आपल्या जिल्ह्यात घर सोडून आलेली किंवा घर सोडावे लागलेली माणसे मला मुख्यतः तीन ठिकाणी दिसतात. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, शेताच्या कडेला किंवा माळावर खोपी घालतात आणि ऊन तापू लागले की परततात. वारणा, दूधगंगा या धरणांत ज्यांची गावे गेली ती कुटुंबे वसाहतींत राहतात. तिसरी पंचगंगा-कृष्णेच्या काठची गावे. तिथे राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की लोक गुरे हलवू लागतात आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की घराला कुलूप घालतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आमच्या शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी घरांना आवराआवर करण्याइतकीही सवड मिळाली नाही.

सरकारी भाषेत पहिले मजूर, दुसरे प्रकल्पग्रस्त आणि तिसरे पूरग्रस्त. खाती वेगळी, याद्या वेगळ्या. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली देशांतर्गत विस्थापनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे मांडली; त्यांत संघर्षाबरोबर नैसर्गिक आपत्तीही धरली आहे आणि मोठ्या प्रकल्पांसाठी मनमानीपणे लोकांना उठवण्यास मनाई आहे. मात्र पोट भरण्यासाठी दरवर्षी गाव सोडणारा माणूस त्या व्याख्येत बसत नाही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बांधला गेलेला मजूर स्वेच्छेने येतो असे म्हणणेही मला पटत नाही. या तिघांना एका अभ्यासात घ्यावे की नाही, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा पेच आकडेवारीचा. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले आणि कारणांमध्ये लग्न हे सर्वांत मोठे निघाले. ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात झाली. येऊ घातलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम. बीडच्या घराला कुलूप आणि इथल्या खोपीला घरक्रमांक नाही, अशा कुटुंबाची नोंद कोणत्या वहीत होते? राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ च्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरितांची वेगळी व्याख्या केली : गेल्या ३६५ दिवसांत एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेली व्यक्ती. ही व्याख्या मजुराला पकडते. पण त्याच्या पाठीवरून आलेले चार वर्षांचे मूल कामासाठी आलेले नसते, म्हणून ते त्या आकड्यात येत नाही. ज्यांची पूर्ण यादीच कोठे नाही, त्यांच्यातून नमुना कसा निवडावा?

शेवटचा प्रश्न मनाला अधिक लागणारा आहे. या विषयावर प्रबंध पुष्कळ झाले आणि ग्रंथालयात राहिले. धोरण ठरवणाऱ्यांच्या हाती पडून उपयोगी ठरेल असा अहवाल लिहायचा, तर तो प्रबंधापेक्षा वेगळा कसा असावा?

उत्तर १ : निवृत्त अव्वल कारकून, करवीर

सर, नमस्कार. महसूल खात्यात मी तीस वर्षे काढली, त्यांतली बरीच पुनर्वसनाच्या कामात गेली. अभ्यास एक ठेवावा, पण प्रश्नावली एक ठेवू नये, असे माझे मत आहे. धरणग्रस्ताला 'परत कधी जाणार' हे विचारण्यात अर्थ नाही, आणि तोडणी मजुराला 'पर्यायी जमीन मिळाली का' हा प्रश्न लागू होत नाही. तिघांना सारखेच विचारावे असे थोडेच आहे : घर सोडायचे कोणी ठरवले, निघताना हाती काय होते, आणि आज त्या माणसाचे नाव कोणत्या कागदावर आहे.

धरणग्रस्तांच्या बाबतीत सर्वांत मोलाचा कागद म्हणजे संकलन रजिस्टर. लांब आडवी वही असते. डावीकडे खातेदाराचे नाव, पुढे बुडालेले क्षेत्र, मोबदला, कपात केलेली रक्कम, दिलेली जमीन, भूखंड, आणि अगदी उजवीकडे शेऱ्याचा अरुंद रकाना. माझ्या काळात जे अभ्यासक आले त्यांनी क्षेत्राचे आणि रकमेचे आकडे उतरून नेले. शेऱ्याच्या रकान्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. 'मयत, वारसनोंद नाही', 'रक्कम भरणा नाही', 'जमीन नाकारली' असे दोन-तीन शब्द तिथे लिहिलेले असतात, आणि त्या प्रत्येकामागे एका घराचे काय झाले ते दडलेले असते. पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्याच्या ६५ टक्के रक्कम शासनाकडे जमा करण्याची अट होती. ज्याने कर्ज फेडण्यात आणि नवे छप्पर घालण्यात मोबदला खर्च केला, त्याच्यापुढे 'रक्कम भरणा नाही' असा शेरा पडला आणि जमिनीचा हक्क तिथेच अडकला. 'जमीन नाकारली' हा शेरा तर मी स्वतः तपासून पाहिला आहे. एका प्रकल्पात त्या माणसाने जमीन नाकारली नव्हती. दाखवलेली जमीन मूळ मालकाच्याच ताब्यात होती आणि मोजणीच्या दिवशी त्या धरणग्रस्ताला बांधावर पाऊल ठेवू दिले नव्हते. कार्यालयातून परस्पर शेरा लिहिला गेला.

तारखांकडेही बारकाईने पाहा. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तेव्हा देशात असा कायदा दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हता. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारख्यांनी 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. धरणाचे पाणी मिळणाऱ्या लाभक्षेत्रात ज्यांची जमीन ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक, त्यांच्याकडून काही जमीन घेऊन ती धरणग्रस्ताला द्यावी, हा त्या कायद्याचा गाभा. पुढे १९८६ चा आणि १९९९ चा कायदा आला. कोयनेचे लोक मात्र यांतला कोणताही कायदा नसताना उठले. म्हणून 'धरणग्रस्त' असा एकच गट करून सरासरी काढाल तर चूक होईल. कोणत्या कायद्याच्या काळात गाव उठले, त्याप्रमाणे गट पाडावे लागतील.

अहवालाविषयी स्पष्टच सांगतो. 'सर्वंकष धोरण आखण्यात यावे' असे वाक्य टेबलावर आले की त्यावर 'दप्तरी दाखल' असा शेरा पडतो, कारण त्या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी कोणत्या नमुन्यात कोणता रकाना वाढवायचा, त्याला शासन निर्णय लागेल की जिल्हाधिकाऱ्यांचे परिपत्रक पुरेल, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडेल, एवढे लिहा. विधवेचे उदाहरण घ्या. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रीला स्वतंत्र कुटुंब मानले आहे. जुन्या रजिस्टरांत ती दिराच्या किंवा सासऱ्याच्या खात्याखाली असते. अशा स्त्रिया एका वसाहतीत किती आहेत हे नावनिशीवार मोजून दिले, तर निदान त्या यादीवर काही तरी लिहिणे अधिकाऱ्याला भाग पडते.

उत्तर २ : साखरशाळेच्या बाई

मी काही हंगाम साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या हंगामी शाळेत, शिकवले आहे, म्हणून टोळ्यांपुरतेच लिहिते.

नमुना निवडताना पहिला मोह असा होतो की कारखान्याच्या शेती खात्याकडून करारांची यादी घ्यावी. ती घ्याच, पण तिच्यावर थांबू नका. आपल्याकडे कारखान्याचा करार पुष्कळदा वाहतूकदाराशी असतो, वाहतूकदार मुकादमाला उचल देतो आणि मुकादम टोळी बांधतो. त्यामुळे यादीत ट्रॅक्टर दिसतो, मुकादम दिसतो, फार तर कोयत्यांची संख्या दिसते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबात ते दोघे मिळून एक, आणि उचल पुरुषाच्या नावावर. त्या बाईचे नाव सापडेल असा कागद मी तरी पाहिला नाही. म्हणून माझे म्हणणे असे की गावे निवडावीत, त्या गावांच्या शिवारातील टोळ्यांच्या मुक्कामाचे सगळे अड्डे एकाच आठवड्यात पायी फिरून मोजावेत आणि खोपी हे एकक धरावे. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला विचारले तर आज कोणत्या फडात, म्हणजे उसाच्या शेतात, तोड आहे हे तो नेमके सांगतो.

वेळेचे भान ठेवा. जानेवारीत मी एका अड्ड्यावर मुक्काम केला होता. पहाटे चारला चूल पेटली, उजाडायच्या आत माणसे फडात. दुपारी बाया वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत होत्या. संध्याकाळी त्या परतल्या, भाकऱ्या झाल्या, आणि रात्री अकराच्या पुढे गाडी भरायला बोलावणे आले. एक बाई, वय पंचवीसच्या आत असेल, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. फळी दवाने निसरडी झाली होती, म्हणून ती दर वेळी आधी अंगठा रोवायची आणि मग टाच टेकायची. खाली झोळीत तिचे मूल होते आणि झोळीजवळ तिची सात वर्षांची मुलगी जागत बसली होती. ही मुलगी माझ्या शाळेच्या पटावर होती आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात का झोपते हे मला त्या रात्री कळले. तिच्या गावच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी कार्ड पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी, जपून ठेवलेले होते. ते इथल्या शाळेत दाखवायचे असते हे आईला कोणी सांगितले नव्हते. अशा घरात तासाभराची प्रश्नावली घेऊन जाऊ नका. पावसाने फड ओला झाला की तोड बंद राहते, त्या दिवशी माणसे बोलतात.

मुकादमासमोर मुलाखत घेऊ नका, आणि त्याला टाळूनही जाऊ नका. टाळलेत तर तुम्ही गेल्यावर टोळीला जाब द्यावा लागतो. आधी त्याला भेटावे, अभ्यास कशाचा हे सांगावे, उचलीचे आकडे माणसागणिक लिहिणार नाही हे त्याच्यासमोरच सर्वांना सांगावे. बायकांशी बोलायला बाई हवी आणि जागा पाणवठ्याची हवी. नवऱ्याच्या देखत विचारले तर दुखणे काहीच नसते. संमतीचा अर्थही नीट समजून घ्यावा लागतो. अंगावर उचल असलेला माणूस समोर बसलेल्या शिकलेल्या माणसाला 'नाही' म्हणत नाही. तो हो म्हणाला म्हणजे संमती मिळाली असे धरता येत नाही. मी दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारायची, आणि पहिल्यांदा हो म्हटलेल्या काही जणी दुसऱ्यांदा गप्प राहायच्या. त्यांची माहिती मी वापरली नाही.

धोरणाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही झाली. शस्त्रक्रियांची नोंद बीडच्या रुग्णालयांत आहे. पण सहा-सहा तास पाण्याविना, आडोशाविना, ओझे उचलत काम होते ते इथल्या फडात. दुखणे सुरू होते एका जिल्ह्यात आणि त्याचा कागद तयार होतो दुसऱ्या जिल्ह्यात. जोवर हे दोन्ही कागद कोणी एकत्र ठेवत नाही तोवर बीडला वाटेल की हा आपल्या डॉक्टरांचा प्रश्न आहे आणि कोल्हापूरला वाटेल की हा आपला प्रश्नच नाही. आपला अभ्यास कोल्हापुरापुरता ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडची एक टोळी शिरोळात थांबली तर त्याच्या बाहेर, आणि तीच पुढे कर्नाटकातल्या चिकोडीकडच्या कारखान्यावर गेली तर त्याच्या आत. शेजारच्या शिवारात कायदा बदलायचा, काम तेच राहायचे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या टोळ्या अभ्यासात घेतल्या तर त्या कायद्याने प्रत्यक्षात काही फरक पडला का, हे तपासता येईल.

उत्तर ३ : वारणाकाठ

आमचे गाव वारणेच्या वरच्या खोऱ्यातले. आता वसाहतीत राहतो.

आमच्या खोऱ्यात उठलेल्या माणसांना दोन नावे आहेत : धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्त. चांदोलीचे धरण झाले, १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले, २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. एकाच भावकीतली काही घरे पाण्यासाठी उठली, काही जंगलासाठी. धरणाला लाभक्षेत्र असते, त्यातून जमीन मागता येते. अभयारण्याला लाभक्षेत्र नाही, मग त्यांची जमीन कोठून यायची? दोघांनी गमावले ते सारखेच, पण मागण्याचा आधार वेगळा झाला. अभ्यासकांनी ही दोन नावे जशीच्या तशी घेऊ नयेत.

मोबदल्याच्या यादीत शेत होते, घर होते, झाडेही मोजली होती. हिरडा, मध, शिकेकाई, गुरांना मोकळे रान आणि बारमाही झरा यांचा रकानाच नव्हता. वडिलांनी येताना जुन्या घराची सागवानी चौकट काढून आणली. वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीला ती मोठी पडली, म्हणून बरीच वर्षे भिंतीला टेकवून ठेवली होती. २००५ नंतर पक्के घर बांधले तेव्हा दाराचे माप त्या चौकटीवरून घेतले. उंबऱ्यावर आजीने पाडलेल्या सांडगे-पापड कुटायच्या खाचा अजून आहेत.

आमच्याकडे पाहणीला लोक पुष्कळ आले. बहुतेकांनी 'आपण समाधानी आहात का' असे विचारले. जमीन मिळून दोन वर्षे झालेला माणूस एक उत्तर देतो आणि पंचवीस वर्षांनी त्याचा मुलगा दुसरे देतो. मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग दोन, विकायला परवानगी लागते. तीन भावांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला नांगर वळवायलाही जागा उरत नाही. माझा पुतण्या आज इचलकरंजीत यंत्रमागावर आहे, दुसरा मुंबईला. आपल्या मांडणीत आजोबा विस्थापित आणि नातू स्थलांतरित, दोन वेगळ्या प्रकरणांत जातील. आमच्या घरात ती एकच हकीकत आहे. म्हणून कुटुंबाचा तीन पिढ्यांचा माग काढा, आणि जे वसाहत सोडून गेले त्यांचाही पत्ता काढा. वसाहतीत जाऊन फक्त तिथे उरलेल्यांना विचारले तर ज्यांना तिथे तगता आले नाही ते हिशेबातून सुटतात.

आणि अभ्यास झाला की तो आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. आजवर एकाही पाहणीचा निष्कर्ष आमच्यापर्यंत परत आलेला नाही. चुकीचे काय लिहिले आहे ते आम्ही तिथल्या तिथे सांगू.

उत्तर ४ : वळिवडे रस्ता

थोडी जुनी आठवण जोडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत प्रदेशातून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. ते गेल्यावर फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे त्याच जागी वसली आणि आजचे गांधीनगर झाले. छावणीत वाढलेल्या पोलिश मुलांनी पुढे संघटना करून आठवणी, छायाचित्रे, नावे जमवली. म्हणून त्या पाच वर्षांविषयी आज आपल्याला इतके ठाऊक आहे. फाळणीच्या विस्थापितांसाठी देशाने १९५४ साली भरपाई व पुनर्वसनाचा कायदा केला. आमच्याच राज्यातल्या धरणग्रस्तांना कायदा मिळायला त्यानंतर बावीस वर्षे लागली. वारणाकाठच्या वसाहतींतल्या जुन्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवणे हेही याच अभ्यासाचे काम समजावे. त्या पिढीतली माणसे आता थोडीच उरली आहेत.

प्रश्नकर्ता : शिरोळचा अभ्यासक

सर्वांचे मनापासून आभार. आखणी बदलतो आहे. टोळ्यांची मोजणी फेब्रुवारीत इथल्या अड्ड्यांवर होईल आणि त्याच कुटुंबांना जूनमध्ये त्यांच्या गावी जाऊन भेटू. बीडमधील एका सहकाऱ्याशी त्यासाठी आजच बोललो. वसाहतींमध्ये पिढ्यांचा माग आणि सोडून गेलेल्यांचा शोध घेऊ. मसुदा आधी ग्रामसभेत वाचू आणि तिथे आलेले आक्षेप अहवालात जोडू. पूरग्रस्तांविषयी कोणी लिहिले नाही, तेव्हा तेवढा भाग मलाच आमच्या तालुक्यात नव्याने पाहावा लागेल. करवीर तालुक्यातल्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीत जागा मिळूनही अनेक घरे नदीकाठीच का राहिली, हे मी त्यांच्या शेताच्या आणि गोठ्याच्या अंतरापासून विचारायला सुरुवात करणार आहे.

बाईंना विनंती अशी की पाणवठ्यावर विचारायचे प्रश्न आपण एकदा वाचून त्यांतले शब्द दुरुस्त करून द्यावेत. आणि अव्वल कारकून साहेबांना एक शंका : संकलन रजिस्टरच्या शेऱ्याचा रकाना माहितीच्या अधिकारात मागितला तर प्रमाणित प्रतीत तो संपूर्ण येतो, की प्रत्यक्ष अभिलेख पाहणीचा अर्ज वेगळा करावा लागतो?